मरळीचा बेडूक

फाल्गुन लागला की नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात तलावांचे पाणी पाळीपासून मागे हटू लागते. थंडी सरलेली असते, ऊन चढत असते आणि काठचे उथळ पाणी मधल्या खोल पाण्याआधी तापते. मरळ अशा वेळी काठच्या गवतात येऊन दबा धरते. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवा घ्यायला तिला मधूनमधून वर यावेच लागते. पाण्यावर उठलेला तो बुडबुडा पाहून ढिवराचे पोरही सांगते, गरी कुठे टाकायची. गरीला काय लावायचे, याचा तर विचारच करावा लागत नाही. मरळीला बेडूक, वाम-शिंगीला गांडूळ, रोहूला कणकेची गोळी.

अमेरिकेत मात्र याच प्रश्नावर एक अख्खा उद्योग उभा आहे. तिथला बास हा मासा मरळीचा नातलग नव्हे, पण सवयी तशाच: झाडोऱ्यात लपायचे आणि समोरून काही हलले की झडप घालायची. वसंताच्या सुरुवातीला पाणी अजून गारठलेले, बास सुस्त. म्हणून आमिष हळू चालणारे हवे, असे तिथले गळकरी सांगतात. आमिष म्हणजे खोटा मासा, खोटा बेडूक किंवा नुसता चमचा. ज्युलिओ ब्यूएल याने धातूच्या चमच्याला गळ जोडून १८५२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी जेम्स हेडन याने १८९८च्या सुमारास लाकडाचा बेडूक कोरला आणि त्यातून पुढे कारखाना निघाला. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा घडवून त्यावर चॉकलेटची चांदी चढवली. हेडनला बेडूकच सुचावा, यात नवल नाही. गवतात दबून बसणाऱ्या शिकारी माशाला काय भुलवते, हे डोवाजियाकच्या तळ्यावर कळले तसे कुहीच्या तलावावरही कळलेलेच होते. कुहीत बेडूक जिवंत मिळत होता, एवढाच फरक.

आमिषाचे हे शास्त्र दख्खनच्या एका राजाने बाराव्या शतकातच लिहून ठेवले आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचे शंभर अध्याय आहेत. त्यातला एक ‘मत्स्यविनोद’. पस्तीसच्या आसपास मासे, कोण समुद्रातला, कोण नदीतला, कुणाच्या अंगावर खवले, कोण काय खातो, असा सगळा हिशेब त्यात येतो. माशांना आधी कसले गोळे चारून एका जागेची सवय लावायची, काठी कशी, दोरी कशाची, हेही राजा सांगतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर लेख लिहून अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. राजा स्वतः चिखलात उतरून माशांचे पोट तपासत बसला असेल, हे काही पटत नाही. ही माहिती त्याला कोळ्या-ढिवरांनीच पुरवली असणार. त्यांची नावे मात्र शंभर अध्यायांत कुठे नाहीत.

इंग्रजी अमदानीत साहेब लोक छंद म्हणून गळ टाकू लागले. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे हिंदुस्थानातल्या गळमासेमारीवरचे पुस्तक १८७३ मध्ये आले आणि १८८७ मध्ये त्यांनी फक्त तलावांतल्या मासेमारीवर वेगळे पुस्तक लिहिले. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये जे खंड काढले, त्यांत ढिवरांची कामे नोंदलेली आहेत: मासे धरणे, शिंगाडे लावणे, पालखी वाहणे, पाणी भरणे. साहेबाचा छंद आणि ढिवराचे पोट एकाच पाळीवर शेजारी-शेजारी बसले होते.

पाळ कुणाची, हा प्रश्न मात्र वेगळा. पूर्व विदर्भातले तलाव मालगुजारांचे, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत त्यांची दाटी. नागपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातही ते आहेत. विदर्भ मध्य प्रदेशात असताना ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव रूढ झाले. पुढे मासेमारीचे ठेके आले, ढिवरांच्या सहकारी संस्था आल्या.

तलावांतला मासाच मात्र बदलला तो १९५७ नंतर. त्या वर्षी १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून रोहूच्या कुळातल्या माशांची अंडी उतरवून दाखवली. कतला, रोहू, मृगळ यांचे बीज मग नदीतून गोळा करायची गरज उरली नाही. ते तळ्यात तयार होऊ लागले आणि तलावांत सोडले जाऊ लागले. हे मासे जाळ्याने काढायचे, वजनावर विकायचे. बीज सोडण्याआधी ते खाणारे मासे मारून टाका, असे मत्स्यशेतीची पुस्तके बजावतात, आणि त्या यादीत मरळ वरच्या नंबरावर. उपाय विदर्भाला चांगला ओळखीचा: मोहाची पेंड. हेक्टरभर पसरलेल्या मीटरभर खोल पाण्याला २,५०० किलो पेंड टाकली की तळ्यातले मासे मरतात. पाण्यात विष कालवून मासे मारू नयेत, असे १८९७चा मत्स्य कायदा म्हणत होता. साठ-सत्तर वर्षांत विष शिफारशीत आले! गरीवर आलेली मरळ बाजारात जिवंत विकली जाते, रोहूपेक्षा महाग जाते, तरी तलावाच्या हिशेबात ती चोरच ठरली. बेडूक लावून बसणारा गरीवाला त्या हिशेबात कधी आलाच नाही.

दरम्यान कुहीचे पाणीही बदलले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे धरण भरत गेले तसे फुगवट्याचे पाणी अंभोऱ्यापर्यंत चढले. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या नद्यांचा इथला संगम आता जलाशयाचाच भाग आहे. काठची गावे उठली, शेते बुडाली. ओढ्या-डोहांची जागा ओळखून गरी टाकणाऱ्यापुढे एकाएकी दुसरा काठ न दिसणारे पाणी पसरले. इथे चालते ते नाव आणि जाळे.

भरीस भर म्हणजे नागनदी. नागपूर शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती कुही तालुक्यातच कन्हानला मिळते आणि तिथून ते गोसीखुर्दच्या फुगवट्यात जाते. अशा पाण्यावर जलपर्णी माजते. साधी गरी तिच्या मुळांत अडकते, दोरी तुटते, बेडूक वाया जातो. शहरातले हौशी गळकरी त्यावर आपला तोडगा घेऊन येतात: रबरी बेडूक. त्याच्या गळाची टोके पाठीला चिकटून वर वळलेली असतात, त्यामुळे तो पानांवरून न अडकता घसरत जातो. मरळीने चावा घेतला की रबर दबते आणि टोके बाहेर येतात. हेडनने कोरलेल्या लाकडी बेडकाच्या वंशातला हा बेडूक आता कुरिअरने नागपुरात येतो आणि नागपूरच्याच सांडपाण्यावर वाढलेल्या हिरवळीवरून कुहीच्या मरळीपुढे ओढला जातो.