लोणारहून जर्मनीला मुलाकडे जायचंय? व्हिसाचा अर्ज कुठे करायचा, सातबारा चालतो का आणि व्हिसा नाकारला तर काय?

लोणार सरोवर बघायला येणाऱ्या बऱ्याच परदेशी पर्यटकांना भारताचा व्हिसा घरबसल्या, ऑनलाइन मिळतो. ई-व्हिसाची ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. लोणारच्या माणसानं उलट दिशेनं निघायचं ठरवलं, की मात्र फाइल जाड होत जाते.

समजा, लोणार तालुक्यातल्या एका शेतकरी जोडप्याला जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे महिनाभर राहायला जायचंय. जमलं तर बव्हेरियातलं नोर्डलिंगनही बघायचंय. हे अख्खं गाव उल्कापातानं तयार झालेल्या विवरात वसलंय. (त्यांचं विवर साधारण २४ किलोमीटर व्यासाचं, आपलं १.८. पण आपलं बेसॉल्टमधलं आहे, हे तिथे गेल्यावर जरूर सांगा.) या जोडप्यानं सुरुवात कुठून करायची?

दूतावास दिल्लीत, मग मुंबईला का जायचं?

देशाचा राजदूत जिथे बसतो तो दूतावास, आणि तो राजधानीत असतो. मोठ्या शहरांत त्याच देशाची वाणिज्य दूतावासं असतात आणि त्यांना राज्यं वाटून दिलेली असतात. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी बहुतेक देशांचं काम मुंबईतून चालतं. जर्मनीचं वाणिज्य दूतावास नरिमन पॉइंटला आहे, अमेरिकेचं २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात.

पण जर्मनीच्या व्हिसासाठी तुम्ही थेट नरिमन पॉइंटला जात नाही. कागद जमा करणं, बोटांचे ठसे आणि फोटो घेणं ही कामं व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या केंद्रांत होतात. व्हिसा द्यायचा की नाही, हे ठरवतात दूतावासाचे अधिकारी. त्यामुळे 'व्हीएफएसमध्ये आपली ओळख आहे' असं कुणी सांगितलं, तरी त्या ओळखीचा निकालावर काही परिणाम होत नाही.

लोणारला रेल्वे नाही. जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठून पुढे मुंबई, म्हणजे एका बाजूचा सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास. जर्मनीच्या अर्जासाठी पुण्याचं केंद्रही चालतं. ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं, पण शेंगेन व्हिसासाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात. म्हणून पहिल्या फेरीला फाइल पूर्ण असलेली बरी. एका झेरॉक्ससाठी परत लोणार-मुंबई कुणालाच परवडत नाही.

शेंगेन म्हणजे काय?

युरोपातल्या २९ देशांचा हा गट आहे. एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार, त्याच्याकडे. 'अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते' म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि महिनाभर जर्मनीत राहायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका.

जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे. रुपयांत ते नऊ हजारांच्या आसपास जातं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाची मुदत १५ दिवसांची असली, तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. विमानाचं नुसतं आरक्षण दाखवलं तरी चालतं, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे भरून तिकीट काढू नका.

पगाराची स्लिप नाही, आयटी रिटर्न नाही. मग?

आपल्या जोडप्याची खरी अडचण इथे सुरू होते. कागदपत्रांच्या यादीत बहुतेक ठिकाणी पगाराची स्लिप, कंपनीचं रजेचं पत्र आणि आयकर विवरणपत्र मागितलेलं असतं. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. त्यामुळे आयुष्यभर प्रामाणिकपणे कष्ट केलेल्या माणसाकडे दाखवायला यातलं काहीच नसतं.

अधिकाऱ्याला मुळात दोन गोष्टी कळायला हव्या असतात. खर्च कोण करणार आणि हा माणूस परत का येणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सातबाऱ्यात आहे. सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीत सोयाबीन किंवा कापूस विकल्याच्या पट्ट्या, हे सगळं जोडा. सगळं मराठीत असतं, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर हवं. सातबारा म्हणजे काय, हे जर्मन अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळींत सांगा: जमिनीच्या मालकीची आणि पिकाची ही सरकारी नोंद आहे, आमच्या नावे इतकी एकर जमीन आहे, अमुक महिन्यात पेरणी आहे, त्याआधी आम्ही परत येतो.

बँक स्टेटमेंट साधारण तीन ते सहा महिन्यांचं मागतात. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून दोन-तीन लाख घेऊन खात्यात टाकायचे, हा गावोगावी चालणारा उपाय उलटतो. वर्षभर खात्यात दहा-वीस हजार आणि अचानक तीन लाख, हे कुणाच्याही डोळ्यांत भरतं. पैसे पीक विकून आले असतील, तर ती पट्टी जोडली की प्रश्न मिटतो.

खर्च मुलगा करणार असेल तर त्यानं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढावं. जर्मन भाषेत त्याला फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात (नाव पाठ करायची गरज नाही, मुलाला नुसतं 'हमीपत्र' म्हटलं तरी कळेल). आई-वडिलांच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी तो यातून घेतो. मूळ प्रत कुरिअरनं मागवून घ्या. आई-वडिलांचं स्टेटमेंट किरकोळ असलं, तर फाइलमधला हा सर्वांत वजनदार कागद ठरतो.

नाव आणि १ जून

गावाकडच्या एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यात काही गैर नाही. पासपोर्ट, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर एकच तारीख असली की झालं. आईच्या नावाचा घोळ मोठा असतो. आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आणखी तिसरंच. ती त्याची आई आहे, हेच मग सिद्ध करावं लागतं. माझ्या आईच्या कागदांवर तिच्या नावाची तीन स्पेलिंगं निघाली होती, तेव्हापासून मी सगळ्यांना हेच आधी तपासायला सांगते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा. हे दुरुस्त करायला महिने जातात. ही दुरुस्ती पासपोर्टच्याही आधी करायला हवी.

पासपोर्टसाठी विदर्भातले जिल्हे नागपूरच्या कार्यालयाखाली येतात. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रं उघडली आहेत.

अमेरिकेचं गणित वेगळं

मुलगा अमेरिकेत असेल तर कागदांपेक्षा मुलाखत महत्त्वाची. डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर भरायचे, एक दिवस ठशांसाठी आणि एक मुलाखतीसाठी. मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते, त्यामुळे तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचा अट्टहास नको. तिथल्या कायद्याच्या २१४(ब) कलमानुसार प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतोय, असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे तुम्ही पटवायचं. मुलाखत अनेकदा दोन-चार मिनिटांत संपते आणि फाइल उघडलीही जात नाही.

व्हिसा नाकारला तर?

शेंगेन देशांना नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. छापील फॉर्मवर कारणाच्या चौकटीत खूण असते. बहुतेक वेळा ती प्रवासाचा हेतू पटला नाही, पैशांचा पुरेसा पुरावा नाही किंवा परत येण्याबद्दल शंका आहे, यांपैकी एखादी असते. पूर्वी जर्मनीच्या दूतावासाकडे पत्र लिहून फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. लोणारच्या जोडप्यासाठी नवा अर्ज हाच व्यवहार्य मार्ग. पण आधीचीच फाइल पुन्हा देऊ नका, ज्या चौकटीत खूण आहे तेवढा भाग मजबूत करा. आधीचा नकार लपवूही नका. शेंगेन देशांची माहिती-प्रणाली एकच आहे, तुमची नोंद त्यात पाच वर्षं राहते. बनावट स्टेटमेंट पकडलं गेलं तर तेही तिथेच दिसतं.

व्हिसा मिळाला, की स्टिकरवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातून बाहेर पडायच्या आधीच ताडून बघा. मग तारखा वाचा, गफलत तिथे होते. 'फ्रॉम' आणि 'अंटिल' या दोन तारखांच्या मधला काळ दीड-दोन महिन्यांचा असू शकतो, पण 'ड्युरेशन ऑफ स्टे'पुढे ३० लिहिलं असेल तर राहता येतं ३० दिवसच. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात.