दलीपसिंग सौंद यांचीं सात वर्षें : एका निवडणुकींतील कालगणनेचा प्रश्न

तिथिनिर्णयाच्या कामीं थोड्याशा फरकानेंही केवढा वाद उभा राहतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जेधे शकावली १९१६ सालीं उजेडांत आली, तेव्हांपासून शिवजन्मतिथीवर किती शाई खर्ची पडली हें सर्वांस ठाऊकच आहे. परंतु तारखांच्या गणनेवर एका जिवंत मनुष्याचा लोकप्रतिनिधि होण्याचा हक्क अवलंबून राहिला, असें एक प्रकरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५६ सालीं घडलें. तो मनुष्य जन्मानें हिंदी होता. त्याच्या विजयाची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. ती बहुधा एका उद्योगी पुरुषाच्या उत्कर्षाची कथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मतें त्या कथेचा खरा सांधा तारखांत आहे. म्हणून त्या तारखा ओळीनें मांडून त्यांची छाननी करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आरंभीं एक खुलासा. अमेरिकेंतील काँग्रेस म्हणजे तेथील मध्यवर्ती विधिमंडळ. आपल्याकडील राष्ट्रीय सभेशीं या नांवाचा संबंध नाहीं. या विधिमंडळाचीं दोन अंगें आहेत : सेनेट ही वरिष्ठ सभा व दुसरी प्रतिनिधिसभा. प्रतिनिधिसभेसाठीं प्रत्येक संस्थानाचे लोकसंख्येच्या मानानें मतदारसंघ पाडलेले असतात, त्यांस क्रमांक असतात, आणि दर दोन वर्षांनीं प्रत्येक मतदारसंघांतून एक प्रतिनिधि निवडला जातो. प्रस्तुत प्रकरण कॅलिफोर्निया संस्थानच्या २९ व्या मतदारसंघाचें आहे. त्यांत त्या वेळीं रिव्हरसाइड व इंपीरियल हे दोन परगणे येत.

१. नियमाचे शब्द

अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत प्रतिनिधिसभेच्या सभासदाच्या अंगीं तीन गोष्टी असाव्या असें म्हटलें आहे. त्याचें वय पंचवीस वर्षांचें झालेलें असावें. तो सात वर्षें त्या देशाचा नागरिक असावा. आणि निवडून येतेवेळीं तो त्या संस्थानचा रहिवासी असावा. ज्यांस जुने कागद वाचण्याचा सराव आहे, त्यांच्या ध्यानांत येथील मेख तत्काळ येईल. ‘निवडून येतेवेळीं’ हे शब्द तिसऱ्या अटीस जोडलेले आहेत. पहिल्या दोहोंस नाहींत. मग वयाचीं व नागरिकत्वाचीं वर्षें कोणत्या दिवसापर्यंत मोजावयाचीं? मतदानाच्या दिवसापर्यंत, मुदत सुरू होण्याच्या दिवसापर्यंत, कीं शपथ घेण्याच्या दिवसापर्यंत?

या प्रश्नाचें उत्तर शब्दांपेक्षां वहिवाटीनें ठरलें. जुन्यांतला जुना दाखला आल्बर्ट गॅलाटिन यांचा. हे मूळचे जिनीव्हाचे. १७८० सालीं अमेरिकेंत आले व १७८५ सालीं व्हर्जिनियांत त्यांनीं निष्ठेची शपथ घेतली. १७९३ सालीं पेनसिल्व्हानियानें त्यांस सेनेटवर पाठविलें. सेनेटसाठीं नागरिकत्वाची मुदत नऊ वर्षांची आहे. ती पुरी झाली नाहीं, असें ठरवून २८ फेब्रुवारी १७९४ रोजीं सेनेटनें १४ विरुद्ध १२ मतांनीं त्यांची निवड रद्द केली. मात्र निवडणुकीच्या दिवसापासून मोजा कीं शपथेच्या दिवसापासून मोजा, गॅलाटिन यांचीं वर्षें दोन्हीं रीतींनीं अपुरींच भरत होतीं. त्यामुळें आमच्या प्रश्नाचा निकाल या दाखल्यानें लागत नाहीं.

तो निकाल लागला तो विसाव्या शतकांतील दोन दाखल्यांनीं. पेनसिल्व्हानियाचे हेन्री एलेनबोगेन हे व्हिएन्ना येथें जन्मलेले गृहस्थ. ते नोव्हेंबर १९३२ मध्यें प्रतिनिधिसभेवर निवडून आले. त्यांस नागरिकत्व मिळालें होतें तें १७ जून १९२६ रोजीं. म्हणजे निवडणुकीच्या दिवशीं तर नव्हेच, पण ४ मार्च १९३३ रोजीं मुदत सुरू झाली त्या दिवशींही त्यांचीं सात वर्षें भरलेलीं नव्हतीं. त्यांनीं थांबून ३ जानेवारी १९३४ रोजीं शपथ घेतली व सभेनें त्यांस बसूं दिलें. दुसरा दाखला वयाचा. वेस्ट व्हर्जिनियाचे रश होल्ट हे १९३४ सालीं सेनेटवर निवडून आले तेव्हां एकोणतीस वर्षांचे होते. सेनेटसाठीं तीस वर्षें पुरीं लागतात. जून १९३५ मध्यें तीस पुरीं होतांच त्यांनीं आसन घेतलें, व त्यांच्याविरुद्ध केलेली तक्रार चालली नाहीं. तात्पर्य, वर्षें मोजावयाचीं तीं आसन घेण्याच्या दिवसापर्यंत, ही वहिवाट १९५६ पूर्वींच पडून गेली होती.

२. हिंदी लोक आणि नागरिकत्व

परंतु सात वर्षें मोजावयाचीं तर आधीं पहिला दिवस हवा; आणि हिंदी मनुष्यास तो पहिला दिवसच मिळत नव्हता. परकीयांस नागरिक करून घेण्याचा १७९० सालचा कायदा ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांपुरता होता; १८७० सालीं त्यांत आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी लोक गोरे कीं नव्हेत, याचा निर्णय निरनिराळीं न्यायालयें निरनिराळा देत असत. नोव्हेंबर १९२२ मध्यें एका जपानी गृहस्थाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा असा अर्थ लाविला. भगतसिंग थिंद यांनीं तोच अर्थ हातीं धरून, आपण त्या वंशाचे आहों असें प्रतिपादिलें. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याच न्यायालयानें, व निर्णय लिहिणाऱ्या त्याच न्यायमूर्ति सदरलंड यांनीं, शब्दाचा अर्थ पंडितांच्या वंशशास्त्रावरून न करितां सामान्य माणसाच्या समजुतीवरून करावा असें म्हणून थिंद यांचा हक्क नाकारिला. तीन महिन्यांत एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, आणि दोन्हीं वेळां दार बंदच राहिलें.

या निर्णयानंतर ज्यांस पूर्वीं नागरिकत्व मिळालें होतें, त्यांचेंही काढून घेण्याचा सपाटा सरकारनें लाविला. यांत एक नांव मराठी वाचकांस वळणानें ओळखीचें वाटेल : सखाराम गणेश पंडित. हे कॅलिफोर्नियांत वकिली करीत. त्यांस १९१४ सालीं नागरिकत्व मिळालें होतें. तें रद्द करण्यासाठीं सरकारनें दावा लाविला. पंडित यांनीं तो शेवटपर्यंत लढविला, व १९२६ सालीं अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. मूळ हुकूम झाला तेव्हां सरकारनें अपील केलें नाहीं. एकदां निकालांत निघालेली गोष्ट पुन्हा उकरतां येत नाहीं, हा त्यांतील मुख्य मुद्दा. एका जुन्या हुकुमाच्या कागदानें मनुष्यास तारिलें तें असें. सर्वांचें नशीब तसें नव्हतें. सॅन फ्रान्सिस्को येथील व्यापारी वैष्णोदास बगाई यांचें नागरिकत्व गेलें, आणि १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली.

३. सौंद यांचा पूर्ववृत्तांत

दलीपसिंग सौंद यांचा जन्म पंजाबांत, अमृतसर जिल्ह्यांतील छज्जलवाडी गांवीं, १८९९ सालीं झाला. फळें टिकविण्याचा धंदा शिकून परत यावें अशा हेतूनें ते १९२० सालीं अमेरिकेस गेले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत शिकत असतां स्टॉक्टनच्या गुरुद्वाऱ्यानें चालविलेल्या वसतिगृहांत ते राहत. पुढें त्यांनीं गणित विषय घेतला व १९२४ सालीं त्यांत डॉक्टर ही पदवी मिळविली. पदवी हातीं आली, पण थिंद प्रकरणाचा निर्णय त्याच्या आदल्याच वर्षीं झालेला. नागरिक होण्याची आशा नसलेल्या हिंदी मनुष्यास त्या विद्येच्या जोरावर जागा मिळेना. १९२५ सालीं ते दक्षिणेस इंपीरियल खोऱ्यांत गेले व कापूस वेंचणाऱ्या मजुरांवर मुकादम झाले. पुढें स्वतः शेती करूं लागले. पण १९१३ व १९२० च्या कायद्यांनीं नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांस जमीनधारणेची बंदी होती. म्हणून गणिताच्या या पंडितास दुसऱ्यांच्या नांवावर जमीन करावी लागे.

कॅथरीन मेयो या बाईंच्या १९२७ सालच्या पुस्तकानें आपल्याकडे जो क्षोभ झाला तो वाचकांस ठाऊक आहे. त्यास उत्तर म्हणून सौंद यांनीं ‘माय मदर इंडिया’ हें पुस्तक १९३० सालीं लिहिलें. तें स्टॉक्टनच्याच गुरुद्वाऱ्याच्या मंडळीनें छापविलें. १९४२ सालीं त्यांनीं हिंदी लोकांची एक संघटना उभारून नागरिकत्वाच्या हक्काची चळवळ चालविली. न्यूयॉर्कला जे. जे. सिंग हेही तेंच काम करीत होते. प्रतिनिधिसभेंतील क्लेअर बूथ ल्यूस व इमॅन्युएल सेलर यांनीं पुढें नेलेल्या विधेयकावर अध्यक्ष ट्रूमन यांची सही २ जुलै १९४६ रोजीं झाली. या कायद्यानें वर्षास शंभर हिंदी लोकांस येण्याची परवानगी मिळाली, व राहणाऱ्यांस नागरिक होण्याचें दार उघडलें. त्या दारानें सौंद आंत गेले तो दिवस १६ डिसेंबर १९४९. अमेरिकेंत पाऊल ठेविल्यास तोंवर एकोणतीस वर्षें झालीं होतीं.

सौंद यांचें आत्मचरित्र १९६० सालीं प्रसिद्ध झालें. तें ते सभासद असतांना, मतदारांच्या नजरेसमोर राहून लिहिलेलें आहे. तें मनोरंजक व उपयुक्त आहे खरें; परंतु आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर तें कैफियतीच्या वर्गांतलें साधन होय, अस्सल पत्राच्या वर्गांतलें नव्हे. म्हणून हेतूंसाठीं त्याचा आधार घ्यावा, मात्र गणना करावी ती नागरिकत्वाच्या तारखेवरून.

४. दोन निवडणुका, दोन गणना

पहिली निवडणूक १९५० सालची, वेस्टमोरलंड या लहान गांवच्या न्यायाधीशाच्या जागेची. सौंद निवडून आले; परंतु त्यांस जागा मिळाली नाहीं. त्या जागेसाठीं निवडणुकीच्या वेळीं एक वर्षाचें नागरिकत्व पुरें असावें लागे, आणि सौंद यांचें वर्ष १६ डिसेंबर १९५० रोजीं भरावयाचें होतें. लोकांनीं दिलेली जागा दिनमानानें काढून घेतली. १९५२ सालीं ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि न्यायासनावर बसले.

दुसरी निवडणूक १९५६ सालची. २९ व्या मतदारसंघाचे रिपब्लिकन प्रतिनिधि जॉन फिलिप्स यांनीं पुन्हा उभें न राहण्याचें ठरविलें, म्हणून जागा मोकळी झाली. सौंद हे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागूं लागले. त्यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी कार्ल केग्ली यांनीं न्यायालयांत अर्ज केला कीं, सौंद यांस सात वर्षें झालेलीं नाहींत. सबब त्यांचें नांव मतपत्रिकेवर असूं नये. तो अर्ज फेटाळला गेला. आतां तारखा पाहूं. पक्षांतर्गत निवडणूक ५ जून १९५६ रोजीं झाली. त्या दिवशीं सौंद यांच्या नागरिकत्वास सहा वर्षें पांच महिने वीस दिवस झाले होते. मुख्य निवडणूक ६ नोव्हेंबर १९५६ रोजीं झाली. त्या दिवशीं सात वर्षांस चाळीस दिवस कमी होते. सात वर्षें पुरीं झालीं तीं १६ डिसेंबर १९५६ रोजीं. नव्या प्रतिनिधिसभेची बैठक भरली ३ जानेवारी १९५७ रोजीं. म्हणजे मुदत सुरू होण्यास अवघे अठरा दिवस राहिले असतां ते पात्र झाले.

यावरून केग्ली यांचा आक्षेप निराधार होता असें म्हणतां येईल काय? मतदानाचा दिवस धरल्यास त्यांची गणना बरोबर होती. चूक होती ती दिवस निवडण्यांत. १९५० सालीं ज्या नियमानें सौंद यांची जागा घालविली, त्यांत निवडणुकीचा दिवस धरिलेला होता. १९५६ सालीं ज्या नियमानें त्यांस तारिलें, त्यांत तो नव्हता. एकाच मनुष्याची एकच तारीख एका नियमांत अपुरी व दुसऱ्यांत पुरेशी ठरली. आणखी असें कीं, त्यांचें नागरिकत्व तीन आठवडे उशिरा झालें असतें, तरी एलेनबोगेन यांच्या दाखल्याप्रमाणें त्यांस कांहीं दिवस थांबून शपथ घेतां आली असती. केवळ अठरा दिवसांनीं इतिहास घडला, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्हीं आवरिला आहे.

मुख्य लढतींत त्यांच्यासमोर जॅकलिन कॉक्रन ओडलम या होत्या. ध्वनीच्या वेगापेक्षां अधिक वेगानें विमान चालविणारी पहिली स्त्री (१९५३) म्हणून त्यांची देशभर कीर्ति होती. एकीकडे ती कीर्ति, दुसरीकडे शेतकरी न्यायाधीश. तरी सौंद शेंकडा एक्कावन्नाहून कांहीं अधिक मतें घेऊन निवडून आले.

५. उपसंहार

सभागृहांत सौंद यांस परराष्ट्रव्यवहाराच्या समितीवर जागा मिळाली. त्या नात्यानें १९५७ सालीं ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले, व भारताच्या संसदेपुढें त्यांचें भाषण झालें. १९५८ व १९६० सालीं ते पुन्हा निवडून आले. मे १९६२ मध्यें अर्धांगाचा झटका आला. त्या वर्षींच्या निवडणुकींत ते पॅट्रिक मार्टिन यांच्याकडून पराभूत झाले. २२ एप्रिल १९७३ रोजीं त्यांचें निधन झालें.

‘काँग्रेसमधील पहिला आशियाई’ असें त्यांस म्हणतात. तें थोडें सांवरून म्हटलें पाहिजे. फिलिपाइन्सचे निवासी आयुक्त १९०७ पासून प्रतिनिधिसभेंत बसत. मात्र त्यांस मताचा अधिकार नव्हता. मताचा पूर्ण अधिकार असलेले आशियाई वंशाचे पहिले सभासद सौंद, इतकें म्हणणें प्रमाणास धरून होईल. त्यांच्यानंतर दुसरा हिंदी वंशाचा सभासद, लुइझियानाचे बॉबी जिंदाल, निवडून येण्यास २००४ साल उजाडलें. मराठी वाचकांस विशेष आपुलकीचा दाखला त्यापुढचा : चिकोडीस जन्मलेले व बेळगांवांत वाढलेले, मराठींत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार हे २०२२ सालीं मिशिगन संस्थानच्या १३ व्या मतदारसंघांतून प्रतिनिधिसभेवर निवडून आले. त्यांस पात्रतेच्या दिवसांचा हिशेब कोणीं विचारिला नाहीं, कारण तो प्रश्न उरलाच नव्हता.

असो. एखाद्या मतदारसंघांतून कोण निवडून आला, याच्या याद्या सहज मिळतात. कोणास उभेंच राहतां येत नव्हतें, याची यादी कोणी करीत नाहीं. ती हुकूमनाम्यांवरून, दाखल्यांवरून व रद्द झालेल्या कागदांवरून जुळवावी लागते. पंडित यांचा १९१४ चा हुकूम नसता तर त्यांचा निभाव लागता ना. सौंद यांचा १९४९ चा दाखला नसता तर त्यांची निवडणूक झालीच नसती. १९४६ पूर्वीं परदेशीं गेलेल्या आपल्या लोकांच्या घराण्यांत नागरिकत्वाचे दाखले, नाकारलेले अर्ज, वकिलांचीं पत्रें असे कागद असतात. घरच्यांस त्यांचें महत्त्व वाटत नाहीं व ते रद्दींत जातात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या पाहण्यांत असे कागद येतील, त्यांनीं त्यांवरील तारखा जशाच्या तशा उतरून घ्याव्या व अस्सल जपून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.