आरामखुर्चीची झीज

इतिहास म्हटलं की आपण ताम्रपट, शिलालेख, जुनी दप्तरं पुढे ओढतो. आज मी आमच्या ओसरीवरची एक आरामखुर्ची पुढे ओढणार आहे.

आपलं हिंगोली 1903 पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होतं. राज्य निजामाचं, पण फौजेवरचे अधिकारी इंग्रज. अशा छावण्या, चहा-कॉफीचे मळे, डाकबंगले, यांच्याबरोबर ही लांब हातांची खुर्ची हिंदुस्थानभर गेली आणि पुढे देशमुखांच्या, वकिलांच्या ओसरीवर आली.

तिची घडण बघा. घोड्यावरून उतरलेल्या माणसाला पाय वर टाकून पडता यावं म्हणून हात लांब. त्यांच्याखालची फळी फिरवली की ते आणखी लांबतात. पाठीला वारा लागावा म्हणून वेताची वीण. वाळवी सहजासहजी लागू नये म्हणून तेलकट सागवान. मुख्य सांध्यांत खिळा नाही. खाचेत कुसू बसवलेलं. म्हणजे ती उकलता येते, पुन्हा जोडता येते. आमच्या खुर्चीचा वेत मी माझ्या डोळ्यांदेखत तीनदा बदललेला पाहिला.

मग ती तीच खुर्ची आहे का? मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, हा प्रश्न मला सोडत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या नावात जो राजा मिलिंद आहे, त्याला भिक्खू नागसेनांनी रथाबद्दल असंच विचारलं होतं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकही नाही. सगळे भाग जुळले की आपण व्यवहारात ‘रथ’ म्हणतो, इतकंच. मला हे पटतं. फक्त एक जोडावंसं वाटतं: वस्तू भागांनी बनते, तशी वापरानेही बनते.

माझे वडील वकील. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून ते अर्ज लिहीत. निजामाच्या काळात उर्दूत, पुढे मराठीत. उजव्या हातावर शाईचे डाग आहेत. दोन्ही हातांची टोकं तळव्यांनी घासून गुळगुळीत झाली आहेत. पक्षकार मात्र समोर सतरंजीवर बसत. त्यांची खूण या लाकडावर कुठेच नाही. झीजसुद्धा बसणाऱ्याचाच इतिहास लिहिते, असं मी कित्येक वर्षं वर्गात सांगत आलो.

ते अर्धंच खरं निघालं. मागच्या वर्षी मुलाने पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने पॉलिशपेपर हातात घेतला आणि विचारलं, “सर, पुढच्या डाव्या पायावर एवढाच पट्टा काळा आणि गुळगुळीत कसा?” मी वाकून पाहिलं. जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंचीवर, मुठीएवढा पट्टा.

माझी आई वडिलांसमोर खुर्चीत कधी बसली नाही. संध्याकाळी तिथेच खाली बसून भाजी निवडायची. गुडघे दुखायचे. उठताना खुर्चीचा पाय धरून उठायची. चाळीस वर्षं.

पॉलिशवाल्याला मी चहा पाजला आणि मजुरी देऊन परत पाठवलं. वेत जरूर बदला, सैल कुसू घट्ट करा. खुर्ची वापरात राहिली पाहिजे. पण लाकूड घासण्याआधी एकदा खाली बसून बघा. आपल्या घरच्या पुष्कळ माणसांचा इतिहास त्याच उंचीवर आहे.

इथे थांबतो.