गोधडी

स्पर्धेचा विषय : लग्न. अट अशी की स्वतःची एकही ओळ लिहायची नाही, सगळं व्हर्जिलच्या काव्यातून उचलायचं. स्पर्धक दोन. एक रोमन सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन (कारकीर्द इ.स. ३६४ ते ३७५) आणि दुसरा त्याच्या मुलाचा शिक्षक, कवी ऑसोनियस. आता बोला! जिंकलं तर बादशहाचा अपमान, मुद्दाम हरलं तर लाळघोटेपणा. गडी हुशार. एक दिवस आणि वर थोडं रात्रीचं जागरण, एवढ्यात त्याने कविता उरकली. जिंकूनही मर्जी शाबूत राहिली, असं तो स्वतःच लिहून ठेवतो.

या प्रकाराला लॅटिनमध्ये 'सेंटो' म्हणतात. मूळ अर्थ तुकडे जोडून शिवलेलं कापड. थोडक्यात, आपली गोधडी. आपल्याकडच्या समस्यापूर्तीत एक ओळ दुसऱ्याची आणि बाकीच्या आपल्या. इथे आपलं काय, तर फक्त शिवण. ऑसोनियसने नियमही दिलेत : ओळ मधल्या विरामाशी कापा, दुसऱ्या ओळीच्या अर्ध्याला जोडा, पण मूळच्या सलग दोन ओळी तशाच उचलल्या तर तो ढिसाळपणा. हाडाच्या १४ तुकड्यांतून हत्ती, रानडुक्कर वगैरे बनवायच्या खेळाची उपमाही तो देतो. मात्र असल्या थट्टेत व्हर्जिलची प्रतिष्ठा घालवली, याबद्दल थोडी लाजही व्यक्त करतो.

आता तुम्ही म्हणाल, हे तर निव्वळ कॉपी-पेस्ट! अभिजात साहित्याची मोडतोड! मलाही हा रिकामपणाचा उद्योग वाटला असता, पण पुढची गोष्ट वाचा.

युरिपिडीसचं 'बॅकाय' हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत आलं आणि त्या नाटकांच्या संचाला पहिलं बक्षीस मिळालं. त्यात थीब्जचा राजा पेंथियस डायोनिसस देवाला मानत नाही. देवाने वेड लावलेली त्याची स्वतःची आई अगावे त्याला फाडून टाकते आणि सिंहाचं समजून पोराचं मुंडकं मिरवत आणते. मग ती शुद्धीवर येते. आता ती काय बोलणार? आणि नेमक्या इथेच आपल्याकडे पोचलेल्या हस्तलिखितात ओळी गायब आहेत!

ती आई मुलाचा एकेक अवयव हातात घेऊन रडते, एवढं आपल्याला तिसऱ्या शतकातल्या अप्सिनीस नावाच्या वक्तृत्वशिक्षकाकडून कळतं. पण तिचे शब्द?

इथे गोधडी कामी आली. 'ख्रिस्तुस पातिएन्स' नावाचं सुमारे २,६०० ओळींचं ग्रीक काव्यनाटक आहे. पूर्वी ते चौथ्या शतकातल्या संत ग्रेगरीच्या नावावर होतं, आता बरेच अभ्यासक ते अकराव्या-बाराव्या शतकातलं मानतात. विषय येशूचं मरण, पण जवळजवळ एक तृतीयांश ओळी जुन्या नाटकांतून, मुख्यतः युरिपिडीसमधून कापलेल्या. पोटची पोरं मारणाऱ्या मीडियाचे शब्द चक्क मरियमच्या तोंडी! आणि मुलाच्या शवापाशी तिला विलाप करायला लावताना कवीने साहजिकच 'बॅकाय'कडे हात घातला. त्याच्यासमोरची प्रत अजून धड होती.

म्हणून 'बॅकाय'चे संपादक त्या विलापातल्या ओळी तपासून अगावेचं हरवलेलं भाषण जुळवायचा प्रयत्न करतात. कुठली ओळ मूळची आणि कुठली बदललेली, यावर वाद आहेत, पण त्या भोकावर लावायला ठिगळ आहे, हे महत्त्वाचं.

आमच्या धंद्यात बॅकअप मुद्दाम घेतात. इथे तो न ठरवता झाला. मूळ ग्रंथ नीट जपणाऱ्यांच्या हातून पानं गेली आणि कात्री चालवणाऱ्याकडे त्यातल्या चार ओळी उरल्या. तेव्हा कोणी जुन्या नाटकांची कापाकापी करून कविता जुळवायची स्पर्धा ठेवली, तर नाक मुरडण्याआधी जरा थांबा. जमलं तर भाग घ्या.