मॉन्टसेराट : राखेखालची राजधानी

कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराट या बेटाचे क्षेत्रफळ अवघे १०२ चौरस किलोमीटर. १४९३ साली कोलंबसाने ते जहाजावरूनच पाहिले, स्पेनमधील एका मठाचे नाव त्याला दिले आणि तो पुढे निघून गेला. हिरव्यागार डोंगरउतारांखाली काळ्या वाळूचे किनारे. पांढऱ्या वाळूची पुळण उत्तरेकडे एकच. ही काळी वाळू म्हणजे ज्वालामुखीची सहीच, परंतु ती वाचण्याची निकड तेव्हा कोणाला वाटली नसावी.

१६३२ पासून येथे वसाहत झाली ती बव्हंशी आयरिश कॅथलिकांची. काही शेजारच्या सेंट किट्स बेटावरील प्रॉटेस्टंटांच्या जाचाला कंटाळून आले, काही करारबद्ध मजूर म्हणून. 'कॅरिबियनमधले पाचूचे बेट' हे पर्यटनपत्रकांचे लाडके बिरुद त्यातूनच आले. मला ते नेहमीच थोडे सोयीचे वाटत आले आहे. कारण इंग्रजांकडून नाडले गेलेले हेच लोक संधी मिळताच उसाच्या मळ्यांचे आणि आफ्रिकी गुलामांचे मालक झाले. याच बेटावर ओलाउडा इक्वियानो याने १७६६ साली चाळीस पौंड मोजून स्वतःलाच विकत घेतले. १७८९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मचरित्र गुलामगिरीच्या साहित्यातील पायाभूत ग्रंथ ठरले. त्याच्या मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, १७ मार्च १७६८ रोजी, मालक सेंट पॅट्रिकच्या मेजवानीत मग्न असतील हे हेरून गुलामांनी उठावाचा बेत केला. तो फुटला, म्होरक्यांना प्राणास मुकावे लागले. १९८५ पासून त्या दिवशी येथे सार्वजनिक सुट्टी असते. एकाच तारखेला संताचा सण आणि फसलेल्या बंडाचे स्मरण! असा विरोधाभास कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

कादंबरीकाराचा विषय निघालाच आहे तर एम. पी. शील याचा उल्लेख हवा. १८६५ साली या बेटावर जन्मलेल्या या लेखकाच्या 'द पर्पल क्लाउड' (१९०१) या कादंबरीत ज्वालामुखीतून सुटलेला विषारी वायूचा ढग मानवजात संपवतो. पुढच्याच वर्षी मार्टिनिक बेटावरील पेले पर्वताने सेंट पिएर शहर भस्मसात केले. याला भविष्यवाणी म्हणण्याचा मोह टाळावा. ज्याच्या जन्मभूमीत डोंगराच्या भेगांतून गंधकाची वाफ येत असे, त्याला अशी कल्पना सुचण्यासाठी द्रष्टेपणाची आवश्यकता नव्हती.

१८ जुलै १९९५ रोजी सूफ्रिएर हिल्स जागा झाला. राजधानी प्लिमथ रिकामी करावी लागली. २५ जून १९९७ रोजी तप्त राख, वायू आणि दगडांचे लोट उतरले आणि १९ जण दगावले. त्यांतले काही मनाई असूनही आपल्या शेतांकडे गेले होते. शेत सोडवत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. विमानतळही त्याच वर्षी गेला. सुमारे दोन-तृतीयांश लोक बेट सोडून गेले, त्यांतले बरेचसे इंग्लंडला.

आज लोकवस्ती उत्तरेकडे आहे. किन्सेल, सेंट पॅट्रिक्स ही आयरिश स्मृती जपणारी दक्षिणेकडची गावे प्रतिबंधित क्षेत्रात निर्मनुष्य पडली आहेत. प्लिमथमध्ये इमारतींचे वरचे मजले तेवढे राखेबाहेर दिसतात. कायद्याच्या कागदावर मात्र राजधानी अजूनही प्लिमथच आहे.