पगारावरची जप्ती: लंडनच्या वखारीपासून मेम्फिसच्या इस्पितळापर्यंत

कर्जदाराचा पैसा किंवा माल तिसऱ्याच माणसाकडे असेल, तर धनकोने तो तिथेच अडकवावा, ही रीत मध्ययुगीन लंडनमध्ये रुळलेली होती. कर्जदार व्यापारी हाती लागला नाही, तरी त्याचा माल कुणाच्या तरी वखारीत सापडे आणि हुकूम त्या वखारवाल्यावर निघे. इंग्रजांबरोबर ही रीत अमेरिकेत पोचली. तिथे माणसे मजुरीवर जगू लागली तेव्हा वखारवाल्याच्या जागी मालक आला आणि मालाच्या जागी आठवड्याचा पगार. माझ्या मते खरा घात इथे झाला. माल अडकला तर व्यापार रखडतो. पगार अडकला तर त्याच आठवड्यात घरात वाणसामान येत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये तर निकालाआधीच पगार अडकवता येई. स्नियाडॅक नावाच्या कामगार स्त्रीवर ४२० डॉलरच्या कर्जाचा दावा झाला. तिच्या ६३.१८ डॉलर मजुरीतली निम्मी रक्कम मालकाने रोखून धरली, तेव्हा तिची बाजू कोणी ऐकलेलीही नव्हती. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याआधीच्या वर्षी संसदेने कायदा करून जप्तीला मर्यादा घातली होती: हाती येणाऱ्या पगाराचा २५ टक्के भाग, किंवा ताशी किमान वेतनाच्या तीसपटीहून वरची रक्कम, यांतली जी कमी असेल तेवढीच घ्यायची; आणि एका कर्जापायी पगारावर जप्ती आली म्हणून कामावरून काढायचे नाही. पण केंद्राचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच थांबले आहे, त्यामुळे आठवड्याला सुरक्षित राहणारी रक्कमही २१७.५० डॉलरवरच अडली. आपल्याकडेही तेच. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० मजुरांची मजुरी पूर्ण वगळते, पण पगारदाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडते. तो हजाराचा आकडा वीस वर्षांहून अधिक काळ हललेला नाही.

इस्पितळाचे बिल हे कर्ज कोणी ठरवून काढत नाही. तरी अमेरिकेत २०१९ मध्ये मेम्फिसच्या मेथडिस्ट इस्पितळाने गरीब रुग्णांवर, अगदी स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरही, दावे लावून पगार जप्त केल्याचे पत्रकारांनी उघड केले. त्यानंतर इस्पितळाने ६,५०० हून अधिक रुग्णांची देणी माफ केली. हे इस्पितळ धर्मादाय होते, आणि अशा इस्पितळांवर २०१० च्या आरोग्य कायद्याने बंधने आधीच घातली होती. त्यांना गरजूंसाठी लेखी सवलत योजना ठेवावीच लागते, आणि घरी गेल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून १२० दिवस जप्तीसारखी कारवाई सुरू करता येत नाही. सवलतीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत करता येतो आणि तो केला की निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी लागते.

म्हणून जप्ती टाळायची जागा बहुधा इस्पितळाच्या बिलिंग खिडकीवरच असते. तपशीलवार बिल मागायचे आणि सवलतीचा अर्ज लगेच भरायचा. समन्स आले तर मुदतीत उत्तर द्यायचे, कारण उत्तरच गेले नाही की एकतर्फी निकाल लागतो आणि त्याच्या जोरावर हुकूम थेट मालकाच्या हाती पडतो. त्यानंतरही न्यायालयात सूट मागता येते, पण तोवर एखादा पगार कापला गेलेला असतो. टेक्सासमध्ये अशा देण्यासाठी पगाराला हात लावता येत नाही. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये इस्पितळांच्या बिलांपुरती पगारजप्ती बंद केली, आणि रुग्णाच्या घरावर बोजा चढवणेही.