जुनाट दुखणे आणि हालचाल : फिजिओथेरपिस्ट काय करू शकतात?

कंबर, गुडघे, मान वा खांदा यांचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर वागवणारी माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. दुखणे वाढेल या भीतीने ती प्रथम बाजारात जाणे सोडतात, मग वाडीत जाणे, मग रविवारच्या मिस्सेला येणे. आणि अखेरीस घरातील एका खुर्चीत त्यांचे जग सामावते. दुखणे मात्र खुर्चीतही त्यांची पाठ सोडत नाही. असे का होते आणि भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे आपण ज्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतो, ते या बाबतीत कोणते साहाय्य करू शकतात, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

जुनाट दुखणे वेगळे कसे?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्यास वैद्यकशास्त्र जुनाट मानते. ताज्या इजेत वेदना ही धोक्याची घंटा असते. ती आपल्याला थांबावयास सांगते. परंतु दुखणे लांबले की मज्जासंस्था अधिकाधिक हळवी होत जाते आणि चोर निघून गेल्यावरही घंटा वाजत राहावी तशी वेदना वाजत राहते. ती वेदना खरीच असते, तो मनाचा खेळ नव्हे. मात्र दुखले म्हणजे दर वेळी आत काही मोडले, असा तिचा अर्थ होत नाही. संधिवातासारख्या आजारात सांध्यातील विकार कायम असतो. तरी तेथेही झीज आणि वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही.

‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून अनेकजण खचतात. कंबरेचे कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील सुमारे ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्यांची झीज दिसून आली. केस पिकावेत तसाच हाही वयाचा एक भाग असतो.

भीतीचे चक्र

योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक महत्त्वाची मांडणी केली. दुखण्याची भीती वाटली की माणूस हालचाल टाळतो. हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, मन उदास होते. आणि मग थोड्याशा श्रमानेही अधिक दुखते. भीती खरी ठरल्यासारखी वाटते आणि चक्र फिरत राहते.

विश्रांतीविषयीची समजूतही आता बदलली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे कंबर नुकतीच धरलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन दिवस अंथरुणावर राहिलेले सर्वांत संथपणे बरे झाले. झेपेल तेवढे नेहमीचे काम चालू ठेवणारे त्यांच्याहून लवकर सावरले. जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतला. उपचार न घेणाऱ्यांच्या वा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना १०० गुणांच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी आढळली. हा चमत्कार नव्हे; परंतु खुर्चीतून उठून अंगणात येण्यास हे अंतर पुष्कळ आहे.

फिजिओथेरपिस्टचे खरे काम

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट, अशी आपल्याकडे समजूत आहे. शेकाने काही वेळ बरे वाटते, हे खरे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसंबंधी २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस केली. कंबरपट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि करंटचे ‘टेन्स’ यंत्र यांची मात्र नेहमीचा उपचार म्हणून शिफारस केली नाही. म्हणजेच यंत्रापेक्षा तज्ज्ञाचे शिकवणे अधिक मोलाचे आहे.

चांगला तज्ज्ञ प्रथम रुग्णाचे ऐकून घेतो, तपासतो आणि दुखण्याचा अर्थ समजावतो. नंतर तो विचारतो : ‘तुम्हांला पुन्हा काय करावयाचे आहे?’ कोणाला विहिरीपर्यंत जावयाचे असते, कोणाला नातवाला शाळेत पोहोचवावयाचे असते. तेच उद्दिष्ट ठरते. दहा मिनिटे चालल्यावर दुखणे वाढत असेल, तर प्रारंभ सहा-सात मिनिटांनी होतो आणि दर आठवड्यास थोडी भर पडते. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारे घर आवरावयाचे आणि मग चार दिवस निजून राहावयाचे, ही चूक तो टाळावयास शिकवतो.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे व खुबे यांच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपिस्ट चालवीत असलेल्या ‘ग्लॅड’ उपक्रमात एक सोपे माप वापरले जाते. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यावेत. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखले तर चालते. मात्र वाढलेले दुखणे २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर यावे. तसे न झाल्यास व्यायाम बंद करू नये, त्याचे प्रमाण घटवावे.

आधी डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप, अकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडल्यानंतर तीव्र दुखणे, यांपैकी काहीही असल्यास व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे; पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हृदयविकार असणाऱ्यांनीही डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा.

कुटुंबियांना विनंती

‘आई, तू बस, आम्ही करतो’ हे आपण प्रेमाने म्हणतो; पण त्या प्रेमानेच आईचे पाय अधिक दुबळे होतात. तिच्या हातचे काम काढून घेण्याऐवजी तिच्यासोबत चालावे, तिच्या गतीने चालावे. आज गल्लीच्या टोकापर्यंत, पुढील आठवड्यात त्याहून थोडे पुढे. दुखणे पूर्णतः जाईलच असे वचन कोणीही प्रामाणिक तज्ज्ञ देणार नाही. परंतु दुखणे असतानाही जगता येते, आणि हळूहळू अधिक जगता येते, हे तो शिकवू शकतो. आपल्या परिसरातील पदवीधर फिजिओथेरपिस्टला एकदा अवश्य भेटावे, अशी आम्ही वाचकांना विनंती करतो.